गेंड्याचं फाटक

“फाटक असं बसवायचं, पोरींनो, की माणसाचा हात सुटला की त्यानं आपलं आपण मिटायचं. ज्याला ‘मिट’ म्हणून सांगावं लागतं ते फाटक नव्हे, तो नुसता लोखंडाचा पसारा.”

मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सकाळी वर्कशॉपचं शटर घडघडत वर गेलं की धाकटीच्या कानात हा आवाज हमखास वाजायचा. नुसता वाजायचा नाही, हातांना कामालाही लावायचा. बिजागरीच्या मागे एक पातळशी पट्टी सरकवायची, म्हणजे फाटकाला डोळ्यांना न दिसणारा कल मिळतो आणि ते स्वतःच्याच वजनानं हळूच माघारी येऊन कडीत बसतं. त्या भागातली निम्मी फाटकं अशी शहाणी होती. माणूस बाहेर पडला की त्याच्या पाठीमागे आवाज न करता मिटणारी.

मामंजींचे दोन्ही मुलगे मात्र लोखंडाला घाबरणारे निघाले. एकाला बँकेतली खुर्ची गोड लागली, दुसऱ्याला शाळेतला फळा. मग फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे करणारं ते वर्कशॉप दोन सुनांच्या गळ्यात पडलं, आणि गळ्यात पडलेलं दोघींनी दागिन्यासारखं मिरवलं. थोरली जोडकाम करायची, धाकटी बसवायला जायची. थोरलीच्या वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही, आणि धाकटीनं एकदा बोल्ट आवळला की तो सोडवायला धाकटीलाच बोलवावं लागे.

थोरली अंगानं भरलेली, आवाजानं मऊ. तिचा एक रोजचा नेम होता. दुपारचे बारा वाजेपर्यंत तोंडातून कडू शब्द काढायचा नाही. देवापुढे हात जोडून एकटीनंच घेतलेला नेम, कुणाला सांगितलेला नव्हता. पण घरात असली गोष्ट लपते थोडीच? सकाळच्या वेळी तिला राग आला की तो गोड शब्दांच्या कागदात गुंडाळून बाहेर यायचा आणि समोरच्याला उघडून बघावा लागायचा. “माझ्या साखरे, तू कानस पुन्हा पाण्याच्या बादलीत ठेवलीस का गं?” एवढं कानावर आलं की धाकटी सरळ मागच्या दारानं पसार व्हायची.

आणि गेंडा म्हणजे मामंजींची जुनी जीप. चौकोनी, करडी, चारही चाकांना जोर असलेली, फाटकं पोचवायला घेतलेली. तिला वळायला खेळाचं मैदान लागे, आणि पुढच्या सीटवर चढायचं तर गुडघा हनुवटीला टेकवावा लागे. मागे समोरासमोर दोन लांब बाकडी होती, तिथे जायला मागचं एकच दार. पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये दोघी जावांनीच एक जाडजूड जाळी बसवली होती. ब्रेक दाबला की मागच्या सळ्या चालवणाऱ्याच्या मानेशी सलगी करायला यायच्या, म्हणून.

तर या गेंड्याला मागे नवा बंपर लागत होता, आणि तो आजच, दुपारच्या आत लागत होता.

कारण सासूबाईंची धाकटी बहीण, सगळ्यांची मावशी, आज संध्याकाळच्या विमानानं परदेशी मुलाकडे चालली होती. कायमची. तिचं घर ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. ओढ्यावरचा पूल खचल्यापासून इकडून तिकडे साधी मोटार जात नव्हती, आणि लांबून वळसा घ्यायचा तर सगळा दिवस मोडला असता. ओढ्यात उतरून पलीकडे निघायची हिंमत एकट्या गेंड्यात होती. पण सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पुढची सीट त्यांना बंद. मुलांनी “आम्ही उचलून ठेवतो” म्हटलं, तर म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “मी काय गॅसचा सिलिंडर आहे?”

मागच्या वेळी मागच्या दाराशी स्टूल लावून बघितलं होतं. स्टूल कलंडलं, सासूबाईंनी आधाराला जुना बंपर धरला, तो इतका गंजलेला की त्याचा टवकाच हातात आला, आणि सासूबाई तो टवका हातात घेऊन रस्त्यावर बसल्या. देवाची दया म्हणून काही मोडलं नाही. पण तेव्हापासून त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. खुर्चीत बसून घर चालवायच्या, आणि बाहेरचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

“पायरी करा,” त्या परवा म्हणाल्या होत्या. “खरी, लोखंडाची, गाडीला घट्ट धरलेली. माझी मी चढेन. नाहीतर बहिणीला फोनवरच निरोप देईन. देतात लोक.”

हे ‘देतात लोक’ त्यांनी इतक्या हलक्या आवाजात म्हटलं, की थोरलीनं हातातली पोळपाटाएवढी ग्राइंडरची चकती खाली ठेवली आणि हातातलं फाटकाचं काम तसंच बाजूला सारलं.

बंपर झाला मात्र देखणा. जाड लोखंडी चॅनेलचा, गेंड्याच्या चॅसिसला दोन्हीकडून बोल्टनं आवळायचा. मधोमध रुंद पायरी, बाजूला धरायला दांडी. मागच्या दारावर लटकणाऱ्या स्टेपनीच्या वजनानं दार वाकून बसलं होतं, ते उघडायला दोन माणसं लागत; म्हणून स्टेपनीसाठी बंपरवरच एक खांब, आणि खांबाला बिजागरीवर फिरणारा आडवा दांडा, त्याच्या दुसऱ्या टोकाला कडी. दांडा स्टेपनीसकट बाजूला करायचा, दार उघडायचं, पायरीवर पाय ठेवायचा, आत. पायरीवर पाय घसरू नये म्हणून नक्षी हवी होती, ती थोरलीनं आयुष्यभर खिडक्यांवर केली तीच काढली. वेल आणि तीन पाकळ्यांची फुलं.

“जीपला फुलं?” धाकटी म्हणाली.

“मग काय काटे काढू?”

सकाळी धाकटी गेंड्याखाली शिरली ती जवळजवळ तिथेच राहायला गेली. गेंड्याच्या चॅसिसची उजवी बाजू आणि डावी बाजू ही सख्खी भावंडं नव्हती, चुलत होती. एकीकडची भोकं बंपरच्या भोकांसमोर आली की दुसरीकडची रुसायची. जॅक लावला, लाकडी ठोकळे सारले, बंपर एका बाजूनं उचलला, दुसऱ्या बाजूनं दाबला, एक भोक कानसून अंडाकृती केलं. सासूबाई वर्कशॉपच्या आतल्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. घर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये तेवढंच एक दार. अंगावर ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

“बसला का गं?”

“बसतोय, आई.”

“मगाशीही बसतच होता.”

“मगाशी उभा होता, आता टेकलाय.”

शेवटचा बोल्ट आवळून झाला. खांबाची तळपट्टी चार बोल्टांनी बंपरवर बसली, दांड्याला स्टेपनी चढली. बोल्ट आवळताना धाकटीला जे करायची सवय होती तेही तिनं केलं होतं, आणि केल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. मग ती कपाळाचा घाम पुसत बाहेर आली. नवा काळा रंग असा चमकत होता की गेंडा मागून एकदम तरुण दिसायला लागला होता.

“सत्तरीच्या माणसानं नवी कवळी बसवावी ना, तसा दिसतोय,” सासूबाई म्हणाल्या.

थोरलीनं दांडा बाजूला केला, दार उघडलं, पायरीवर चढून एकदा जोरात दबून पाहिलं. पायरी हलली नाही. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सासूबाईंसाठी आणलेली गादी काखेत मारून आत शिरली. धाकटी बाहेर दांडा धरून उभी.

“धाकटे, घोटभर पाणी दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “उत्साहानं घसा कोरडा पडला.”

धाकटीनं हात सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग दांडा जरासा हलला, एखादं माणूस झोपेत कूस बदलतं तसा. मग त्याला कुठेतरी जायचंय असं आठवल्यासारखा तो निघाला. स्टेपनीचं वजन पाठीशी होतंच. वाटेतलं उघडं दार त्यानं ढकलून बंद केलं, आणि सगळ्या वर्कशॉपातल्या सळ्या वाजतील अशा आवाजात धाडकन जाऊन कडीत बसला.

मग आतून, अतिशय मधाळ आवाजात:

“धाकटे, माझ्या मोरपिसा, तू हात सोडलास का गं?”

“सोडला, जाऊबाई.”

“का सोडलास गं, राणी?”

“आईंना पाणी हवं होतं.”

“बरं केलंस हो. तहानलेल्याला पाणी द्यावंच. आता मला बाहेर काढतेस का, माझ्या लोण्याच्या गोळ्या?”

धाकटीनं कडी ओढली. कडी हलेना. तिनं दोन्ही हातांनी ओढली, पाय बंपरला लावून ओढली, हिसडा मारला. धडक इतकी जबर बसली होती की कडीची जीभ वाकून खाचेत रुतली होती. आत थोरली जाळीपाशी गेली. पुढून निघावं म्हटलं तर ती जाळी! तिनं जाळीला एक धक्का दिला, मग दुसरा.

“ही जाळी कोणी केली गं इतकी मजबूत?”

“तुम्हीच, जाऊबाई.”

“हो का? छान जमलीय.”

एवढ्यात सासूबाईंच्या पर्समधला फोन वाजला. मावशी. सासूबाईंनी तो कानाला लावला आणि सवयीनं इतक्या मोठ्यानं बोलल्या की फोनची गरजच नव्हती.

“हो हो, निघालोच! ... नाही गं, थाप कसली? थोरली गाडीत बसलीसुद्धा!”

आतून जाळीवर कपाळ टेकवल्याचा आवाज आला.

आणि मग सासूबाई हसल्या. आधी नुसते खांदे हलले. मग फोन मांडीवर पडला. मग पर्स खाली पडली, आणि त्या खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून, डोळ्यांतून पाणी काढत, आवाज न फुटता अशा हसल्या की धाकटीला वाटलं आता डॉक्टरांना फोन करावा लागणार. पडल्या दिवसापासून त्या हसल्या नव्हत्या. फोनमधून मावशी “काय झालं? अगं काय झालं?” ओरडत होती, आणि तिला कोणीच काही सांगू शकत नव्हतं, कारण आता धाकटीही खाली बसली होती.

“झालं का हसून?” आतून विचारणा झाली. “नाही, सावकाश होऊ दे. मी आहे इथेच.”

धाकटी छिन्नी-हातोडा घेऊन पुन्हा गेंड्याखाली गेली. पहिल्या घावाला गेंडा देवळातल्या घंटेसारखा घुमला.

“हळू गं, माझ्या कापसा! इथे आत माझे कान आहेत!”

दुसरा, तिसरा. मग कडीची जीभ कण्हत बाहेर आली. धाकटीनं दांडा उघडला, दार उघडलं. थोरली अंग चोरून पायरीवर आली, खाली उतरली, हात झटकले आणि दांड्याकडे बोट दाखवलं.

“सोड बघू आता. माझ्यासमोर.”

धाकटीनं सोडला. दांडा झोपेतून जागा झाला, निघाला, आणि धाड! कडी वाकली होती म्हणून लागली नाही एवढंच.

आता दोघींचंही हसू थांबलं. हा दांडा जर सासूबाई पायरीवर असताना निघाला असता तर? तिनं हळूच सासूबाईंकडे पाहिलं. त्याही आता हसत नव्हत्या. पर्स उचलून त्यांनी पुन्हा मांडीवर घेतली होती आणि पायरीवरच्या फुलांकडे बघत होत्या.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही केलंत, पुष्कळ केलंत. मी फोनवर बोलेन.”

“आई, थांबा,” धाकटी म्हणाली. “थांबा म्हणते ना!”

तिनं ओळंबा आणला आणि खांबाशेजारी धरला. ओळंब्याची दोरी सरळ, खांब मात्र बघ्यांच्या गर्दीतल्या माणसासारखा एका बाजूला वाकलेला. थोडाथोडका नव्हे, चांगला ठळक. तिनं तळपट्टीखाली बोट घातलं. बोटाला पातळ पत्रा लागला. आणि धाकटीचे कान तापले.

“जाऊबाई, पट्टी मी घातलीय.”

“कसली?”

“कलाची. फाटकाला घालतो ती. मला कळलंच नाही. हात आपला गेला खिशात.”

थोरली तिच्याकडे बघत राहिली. धाकटी गोड शब्दांची वाट बघत उभी राहिली, पण ते आले नाहीत. थोरलीच लाल झाली होती.

“पण एका पट्टीनं एवढा कल येत नाही,” ती पुटपुटली. “खांब तळपट्टीला जोडतानाच मी तिरका जोडलाय.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम कुठला गं! हाताला वळण आहे ते. सरळ जोडला तर मला रात्री झोप येत नाही.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हणजे तीही मामंजींची आज्ञाधारक सून, आणि हीही. एकीनं आपली आज्ञा पाळली, दुसरीनं आपली, आणि दोन्ही आज्ञा एकाच खांबावर जाऊन बसल्या. फाटक हळूच मिटायच्या ऐवजी उखळी तोफेसारखं मिटत होतं.

“आई,” धाकटीला पुन्हा हसू फुटायला लागलं, “मामंजींना दोन सुना होत्या हेच चुकलं बघा!”

“दोन नव्हे,” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघी मिळून एक आहात, तेच चुकलं. आता बोलत उभ्या राहू नका. होणार आहे की नाही, तेवढं सांगा.”

पट्टी काढणं सोपं होतं. पण खांबाचा कल? तो कापायचा, ओळंब्यात धरायचा, पुन्हा जोडायचा, थंड व्हायला ठेवायचा, म्हणजे मावशीचं विमान आभाळात. धाकटी तळपट्टीकडे टक लावून बसली. चौकोनी तळपट्टी, चार कोपऱ्यांना चार बोल्ट, चारही अंतरं सारखी.

“अर्धी फिरवली तर?” ती म्हणाली.

“काय?”

“खांब तळपट्टीसकट उलटा फिरवू. पुढची बाजू मागे. म्हणजे कलही उलटा. दांडा आपोआप मिटायचा तो आपोआप उघडा राहील!”

थोरलीचा चेहरा पडला. आपोआप उघडं राहणारं फाटक! तिच्या डोळ्यांसमोर मामंजी उभे राहिले असावेत, कारण तिनं नकळत डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

“त्यांना काय वाटेल गं?”

उत्तर सासूबाईंनी दिलं. “त्यांना जन्मभर फाटकं मिटायची घाई. माझ्या माहेरचं कोणी आलं तरी यांचं लक्ष फाटक मिटलं का याच्यावर. त्यांच्या घरात एक तरी उघडं राहू दे. फिरव.”

बोल्ट सुटले, पट्टी निघाली, खांब फिरला. बिजागरी उलटीकडे गेली म्हणून तीही सोडून पुन्हा लावावी लागली, त्यात धाकटीच्या बोटाची साल निघाली आणि तिनं जे उच्चारलं ते थोरलीनं देवासाठी ऐकलं नाही. कडीची जीभ हातोड्यानं सरळ झाली. वाटेत दांडा मनानं उघडू नये म्हणून कडीला आरपार भोक पाडून त्यात साखळीला बांधलेली लोखंडी खिट्टी घातली. मग धाकटीनं दांडा बाजूला नेला आणि सोडला. दांडा आणखी थोडा पुढे गेला, टेकला, आणि दारात हात पसरून पाहुण्याला “या, या” म्हणणाऱ्या माणसासारखा तिथेच राहिला. तिनं त्याला माघारी ढकलून पाहिलं. तो परत गेला आणि पुन्हा हात पसरून उभा.

“किती अगत्यशील!” सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. काठी टेकत गेंड्याच्या मागे आल्या. दोन्ही सुना दोन बाजूंनी पुढे झाल्या.

“धरू नका मला.”

दोघी थांबल्या, पण दोघींचे हात हवेत तसेच राहिले. सासूबाईंनी काठी आत बाकड्यावर टाकली. दांडी धरली, सोडली, तळहात कपड्याला पुसला, पुन्हा धरली. चांगला पाय वर, फुलांवर. दुसरा मात्र अजून जमिनीवरच. धाकटीला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. तिला वाटलं, आता त्या म्हणणार, देतात लोक फोनवर निरोप.

मग ऑपरेशनचा पाय जमिनीवरून सुटला.

त्या वर होत्या. पायरीवर, दांडी धरून, सगळ्या वर्कशॉपपेक्षा उंच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “त्या माळ्यावर केवढी धूळ साचलीय गं!”

गेंडा निघाला. धाकटी चालवायला, थोरली मागे सासूबाईंसमोर. रस्ता संपला, कच्ची वाट लागली, गेंड्याच्या अंगात आलं. प्रत्येक खड्ड्याला मागच्या दोघी एकदम वर जायच्या आणि एकदम खाली यायच्या, आणि प्रत्येक वेळी सासूबाई “हं! पुढचा!” म्हणायच्या. ओढ्यात पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होतं. धाकटीनं गिअर टाकला, गेंडा गुरगुरत पाण्यात उतरला, आणि बरोबर मधोमध आचके देऊन बंद पडला.

चहूकडे पाणी. पाण्याचा खळखळाट. आणि लांब कुठेतरी, एखाद्या कारखान्याचा असेल, बाराचा भोंगा वाजला.

थोरलीनं दीर्घ श्वास घेतला.

“गाढवे!” ती जाळीतून ओरडली. “अकलेचा कांदा! दांडा सोडायचा असतो? माणूस आत आहे, दार उघडं आहे, आणि ही बया पाणी आणायला जाते! कानस बादलीत, छिन्नी चहाच्या कपात, आणि बोल्ट आवळतेस ते काय राक्षसासाठी? आणि ही जाळी! कोणत्या मूर्खानं केली ही जाळी!”

“तुम्हीच, जाऊबाई!”

“मग मीच मूर्ख!”

सकाळपासूनचं सगळं तिनं ओढ्यात सोडून दिलं. धाकटी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती, सासूबाई टाळ्या पिटत होत्या, “आणखी! ते गोठ्याचं फाटक उलटं बसवलं होतं तेही सांग!” आणि कोणाच्या कोणत्या शब्दाला लाजून कोण जाणे, धाकटीनं किल्ली फिरवताच गेंडा धडधडून सुरू झाला.

“झालं,” थोरली रुमालानं तोंड पुसत म्हणाली. “आता कसं हलकं वाटतंय.”

मावशीच्या अंगणात पलीकडच्या रस्त्यानं आलेली भाड्याची गाडी उभी होती, टपावर बॅगा बांधलेल्या. सासूबाईंनी फाटकाबाहेरूनच हुकूम सोडला, “उलटा घे. मला मागच्या दारानं, समोरून उतरव.” म्हणून गेंडा पार्श्वभाग पुढे करून अंगणात शिरला. मावशी पायऱ्यांवर उभी होती, बहिणीपेक्षाही लहानखुरी, डोळे आधीच लाल. खिट्टी निघाली, दांडा बाजूला जाऊन हात पसरून थांबला, दार उघडलं, आणि सासूबाई पायरीवर उभ्या राहिल्या.

मावशीनं रडायची तयारी केली होती, ती विसरली.

“अगं, हे काय? बग्गी की काय?”

“सुनांनी केलीय. फुलं बघ.”

“मला बघू दे. सर तिकडे.”

सासूबाई उतरायच्या आतच मावशी चढली. मग सासूबाईही उतरल्या नाहीत. दोघी दोन बाकड्यांवर समोरासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघे लावून, पर्स मांडीवर, आणि एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

“आई, निघायला हवं,” मावशीला न्यायला आलेला तिचा मुलगा बाहेरून म्हणाला.

“थांब रे. आम्ही दोघी आत्ताच प्रवासाला निघालोय.”

थोरली, धाकटी आणि तो बिचारा मुलगा, तिघं अंगणात उभे. मुलगा पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. आतून बोलणं ऐकू येत होतं. कोणाच्या लग्नात कोण पडलं होतं, कोणी कोणाची रिबीन चोरली होती, आणि ती अजून परत दिली नव्हती. मग आवाज खाली आले. धाकटी दाराच्या सर्वांत जवळ होती, म्हणून तिला ऐकू आलं.

“तू घरात कोंडून घेतलंयस म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणालं विचारते! मला दिसत नाही? तू आज आलीस ती माझ्यासाठी. उद्या कोणासाठी बाहेर पडशील?”

सासूबाईंच्या पर्सची चेन उघडल्याचा आणि पुन्हा मिटल्याचा आवाज आला.

“तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर ती लाल टपालपेटी आहे ना अजून? रोज सकाळी तिथपर्यंत चालत जायचं. एकटीनं. कोणाचा हात धरून नाही.”

“आणि पडले तर?”

“पडलीस तर मला फोन कर. मी हसेन.”

“मेली.”

“तिकडे उजाडेल तेव्हा मला कळायला हवं, की आता ती पेटीला हात लावून आली. एवढं एक दे मला. बाकी तिकडे मला काय ओळखीचं असणार आहे? शब्द दे.”

मग बांगड्यांचा बारीक किणकिणाट झाला, तळहातावर तळहात पडल्यासारखा.

मावशी उतरली ती मागे न बघता भाड्याच्या गाडीत जाऊन बसली. गाडी टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत सासूबाई फुलांच्या पायरीवर, दांडी धरून उभ्या होत्या. परत येताना त्यांनी खड्डे मोजले नाहीत. पण ओढ्यात पाणी उडालं तेव्हा मात्र त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून ओला करून घेतला.

दुसऱ्या दिवशी धाकटीला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. ती चहाचं आधण ठेवायला उठली, तर स्वयंपाकघरात कोणीतरी दिवा न लावता वावरत होतं. सासूबाई. पायात थोरलीचे कापडी बूट, नाड्या कशाबशा बांधलेल्या, एका हातात काठी. त्यांनी दाराची कडी दोन्ही हातांनी, आवाज होऊ नये अशी काढली, आणि बाहेरच्या थंड हवेत क्षणभर थांबल्या.

धाकटी हाक मारणार होती. मग तिनं आपलाच हात तोंडावर ठेवला आणि गॅसही पेटवला नाही. खिडकीतून तिला दिसलं, त्या गल्लीत उतरल्या होत्या, भिंतीला धरून नाही, भिंतीपासून हातभर लांब, आणि अगदी सावकाश कोपऱ्याच्या दिशेनं निघाल्या होत्या.